शिंगराच्या रंगाची बोली कशी लावावी

मंडळी, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथं एक वाक्य दर दहा पावलांवर कानावर येतं: "आत्ता काळं दिसतंय दादा, पण पुढं पांढरंशुभ्र निघणार, लिहून घ्या." सांगणारा कधी खरं बोलत असतो, कधी थाप मारत असतो. ते लिहून घ्यायचं की नाही, एवढंच आज बघू. दात, चाल, हाडापेराची मजबुती हे विषय आज नकोत, त्यावर वेगळं बसू.

आधी हे पक्कं करा की शिंगराच्या अंगावरची पहिली लव टिकणारी नसते. तीन-चार महिन्यांचं झालं की ती झडू लागते, आणि झडते ती आधी डोळ्यांभोवती नि नाकपुड्यांपाशी. खाली नवा रंग दिसतो तो बऱ्यापैकी भरवशाचा. घाई असेल तर पोटाच्या बगलेला रुपयाएवढ्या जागेवर कात्री फिरवून मालक खालचा रंग बघतात. विकणारा याला नाही म्हणाला, तर ते 'नाही' ऐकून ठेवा.

तपकिरी अंगाचं, काळ्या आयाळ-शेपटीचं कुमैत शिंगरू घ्या. मोठ्या कुमैताचे पाय गुडघ्याखाली काळे असतात, पण जन्मतः ते मळकट, राखी, पिठूर दिसतात. नवखा माणूस हरखतो, चारही पाय पांढरे, पंचकल्याणी (चारही पाय नि तोंड पांढरं, शुभ मानतात ते) मिळालं म्हणून! पाय ओला करा, केस बाजूला सारून कातडी बघा. खरा पांढरा ठसा असेल तर खाली गुलाबी कातडी असते. पिठूर केसांखाली काळी असते, आणि लव झडली की पायही काळे होतात.

आता काळ्याची गंमत. जे शिंगरू मोठेपणी मुश्की काळं होणार, ते जन्मतः बहुतेकदा काळं नसतं. उंदरासारखं राखी-तपकिरी, निस्तेज असतं. आणि जे पहिल्याच दिवशी कोळशासारखं चकचकीत काळं पडतं, त्याच्या आईबापांत कुणी सब्जा, म्हणजे वयासोबत करडा नि मग पांढरा होत जाणारा, आहे का ते आधी विचारा. कारण सब्जा होणारी शिंगरं जन्मतः नेहमीपेक्षा गडद असतात. कुमैताच्या पोटी सब्जा व्हायचं असेल तर पायसुद्धा पिठूर न राहता पहिल्यापासूनच काळे दिसतात. म्हणजे सर्वांत काळं तेच पुढं सर्वांत पांढरं. बाजारातले जुने व्यापारी हे ओळखून असतात, फक्त गिऱ्हाईक बघून सांगायचं की नाही ते ठरवतात.

सब्जाची पहिली खूण डोळ्यांपाशी बघायची. पापण्यांभोवती पांढऱ्या केसांचं कडं दिसू लागतं, चष्मा लावल्यासारखं. काहींना ते जन्मल्यावर काही दिवसांतच दिसतं, काहींना पहिली लव झडल्यावर. मग तोंड उजळतं, अंग मागून येतं. कपाळावर चार पांढरे केस दिसले म्हणून सब्जा ठरवू नका, ते चांद, म्हणजे कपाळावरचा जन्मजात पांढरा ठिपकाही असू शकतात.

पण डोळ्यांपेक्षाही आधी आईबाप. सब्जाचा गुण प्रबळ असतो, तो लपून पिढी ओलांडत नाही. आई सब्जा नाही, बाप सब्जा नाही, तर शिंगरू सब्जा होणार नाही, विकणाऱ्यानं शपथ घेतली तरी. दोघांपैकी एक सब्जा असेल आणि त्याच्याकडे आईबापांकडून मिळणाऱ्या दोन प्रतींपैकी एकच या गुणाची असेल, तर संधी निम्मी. दोघेही एकेक प्रतीचे असतील तर चारात तीन. सुरंगाचं, म्हणजे काळे केस नसलेल्या तांबूस घोड्याचं, याहून सोपं आहे. सुरंग घोडी, सुरंग घोडा, दोघांतही सब्जा नाही, तर काळं किंवा कुमैत शिंगरू निघत नाही. निघालं तर बाप दुसराच आहे! उलट दोन कुमैतांच्या पोटी सुरंग येऊ शकतं, काळंही येऊ शकतं. तिथं उगाच कुणावर संशय घेऊ नका.

हा सब्जाचा गुण नेमका कुठं आहे, ते स्वीडनच्या उप्साला इथल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. एसटीएक्स-१७ नावाच्या जनुकात डीएनएच्या साडेचार हजारांवर अक्षरांचा एक तुकडा दोनदा येतो. २०२४ मध्ये आणखी खुलासा झाला: तुकडा दोनदा असेल तर घोडा सावकाश पांढरा होतो, तीनदा असेल तर झपाट्यानं. एकाच रंगाची दोन भावंडं, एक चौथ्या वर्षी पांढरं आणि दुसरं दहाव्यालाही करडं, असं का होतं त्याचं हे एक उत्तर.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे पांढरे लिपिझानर जातीचे घोडे तुम्ही व्हिडिओत पाहिले असतील. ऑस्ट्रियातल्या पीबरला त्यांची पैदास होते आणि शिंगरं जन्मतात काळी-तपकिरी. पांढरी व्हायला सहा ते दहा वर्षं लागतात. एखादं गडदच राहतं, ते शाळेत शुभ मानून ठेवतात. शुभ-अशुभ फक्त आपणच बघतो असं नाही, बरं का. आयर्लंडला १९११ मध्ये जन्मलेला द टेट्रार्क नावाचा शर्यतीचा घोडा तर सुरंग अंगावर काळे ठिपके घेऊन आला होता, पुढं करड्या अंगावर पांढरे डाग पडले. बाप सब्जा होता, त्यामुळं नवल रंगाचं नव्हतं. नवल होतं ते दोन वर्षांचा असताना सात शर्यती धावून सातही जिंकण्याचं. रंगाचा त्या वेगाशी काडीचा संबंध नाही.

आता जिथं पैसा खरा बुडतो ती जागा. नुकरा, म्हणजे मुळातच पांढरा घोडा, आणि पुढं पांढरा पडलेला सब्जा लांबून सारखे दिसतात. भाव मात्र सारखा नसतो, नुकऱ्याला लोक वेडे होतात. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, आणि ती जन्मतःच तशी असते. सब्जा कितीही पांढरा झाला तरी नाकपुड्या, ओठ, डोळ्यांच्या कडा सहसा काळ्याच राहतात. म्हणून "काळं शिंगरू पुढं नुकरा होईल" असं कुणी म्हणालं, तर तिथंच नमस्कार करून पुढं चला.

सब्जा घेणाऱ्यानं शेपटीखालीही बघत राहायचं. पंधरा वर्षांवरच्या सब्जांपैकी सत्तर ते ऐंशी टक्क्यांना कातडीच्या काळ्या गाठी होतात, बहुधा शेपटीखाली आणि गुदद्वारापाशी. बऱ्याच वर्षानुवर्षं तशाच राहतात, पण वाढू लागलेल्या गाठीसाठी डॉक्टरला लगेच बोलवा.

एवढं करूनही शंका उरली आणि सौदा मोठा असेल, तर केसांची तपासणी करून घ्या. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस उपटायचे, कापायचे नाहीत, कारण तपासणी मुळांची असते. स्वच्छ कागदाच्या पाकिटात घालून नाव-तारीख लिहायची. प्रयोगशाळा सब्जाच्या गुणाच्या किती प्रती आहेत ते कळवते: एकही नाही, एक किंवा दोन. घोडीची तपासणी एकदाच करून ठेवली, तर तिच्या प्रत्येक शिंगराच्या वेळी निम्मं काम आधीच झालेलं असतं. आणि दोन प्रतींची घोडी असेल, तर नर कुठलाही लावा, शिंगरू सब्जाच होणार.