रिपोर्टच्या आधी ब्लॉक

पत्रिकेत विषय छापलाय, 'लिम्फोमा : कॅन्सरतज्ज्ञांच्या पहिल्या भेटीची तयारी'. त्यावर येतेच. पण आधी मला मेणाबद्दल बोलायचंय.

माझी सगळी नोकरी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासण्याच्या, लॅबमध्ये गेली. मानेतली किंवा काखेतली गाठ काढली की ती फॉर्मालिनच्या डबीत आमच्याकडे यायची. तिचे तुकडे प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये घालायचे, कडेला पेन्सिलीने नंबर लिहायचा. शाईने नाही, पुढच्या रसायनांत शाई निघून जाते. मग ते पॅराफिनमध्ये, म्हणजे मेणात, बसवायचं. हा झाला ब्लॉक, काडेपेटीहूनही लहान. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढून कोमट पाण्यावर सोडायचे आणि काचेवर अलगद उचलायचे. पॅथॉलॉजिस्ट बघतात ती ही काच, म्हणजे स्लाइड. रिपोर्ट म्हणजे त्यांनी काय पाहिलं त्याचं वर्णन. पेशंटची गाठ असते ती ब्लॉकमध्ये.

आणि लोक भेटीला जाताना नेतात रिपोर्ट. तोही झेरॉक्स!

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, पण तो एकच आजार नाही. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लंडनमध्ये सुजलेल्या गाठींचं वर्णन केलं, त्यांचं नाव एका गटाला मिळालं. बाकीचे सगळे नॉन-हॉजकिन, आणि त्यातच कितीतरी प्रकार. पेशी 'बी' जातीच्या आहेत की 'टी', त्यांच्यावर सीडी२० नावाचं प्रथिन आहे की नाही, हे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे त्याच कापांवरच्या खास रंगाच्या तपासणीने, कळतं. रिटुक्सिमॅब हे औषध त्या सीडी२०लाच चिकटतं. म्हणजे औषध कोणतं द्यायचं हे त्या मेणाच्या तुकड्यावर ठरतं. म्हणून मोठी कॅन्सर रुग्णालयं बाहेरची बायोप्सी स्वतः पुन्हा तपासतात आणि स्लाइड-ब्लॉक मागतात. नुसत्या सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीवरही भागत नाही, कारण गाठीची आतली रचना दिसावी लागते.

आता माझ्या दिरांचं सांगते. राहायला कळव्याला. मानेत गाठ आली, ताप येत होता, रात्री घामाने बनियन भिजायचं. आपल्याकडे अशी गाठ म्हटली की आधी टीबीच मनात येतो, आणि ते चूक नाही. पण बायोप्सी झाली आणि लिम्फोमा निघाला. पुढची भेट खारघरला, टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात. माझी जाऊ बायोप्सीच्या लॅबमध्ये ब्लॉक आणायला गेली, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ब्लॉक आम्ही देत नाही, रिपोर्ट दिलाय ना?" दुसऱ्या दिवशी म्हणे सर नाहीत. तिसऱ्या दिवशी पेशंटलाच आणा. ज्याला जिना चढताना धाप लागते, त्याला! शेवटी मी गेले आणि पॅथॉलॉजिस्टांना प्रत्यक्ष भेटले. त्या बाईंनी लगेच सही करून दिला. त्यांच्यापर्यंत कुणी विषय पोचवलाच नव्हता. तोवर भेटीची तारीख मात्र पुढे गेली. मला याचा अजून राग येतो, कारण गाठ त्या काउंटरसाठी थांबलेली नसते. म्हणून ब्लॉकसाठी लॅबला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि निदान कळल्याच्या दिवशीच द्या.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. हो, आवरते.

सोबत काय न्यायचं? पेट स्कॅन, म्हणजे आजार अंगात कुठेकुठे आहे ते दाखवणारा स्कॅन, झाला असेल तर त्याची सीडीसुद्धा न्या, डॉक्टरांना चित्रं बघायची असतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या न्या, आयुर्वेदिकसुद्धा. स्टेरॉइड घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने गाठ तात्पुरती आक्रसते आणि चित्र बदलतं. टीबीची औषधं सुरू केली असतील तर तीही सांगा. ताप कधी येतो ते लिहून ठेवा आणि सहा महिन्यांपूर्वीचं वजन आठवून ठेवा. दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर त्याला अर्थ आहे. रेशनकार्ड, आधार घ्या, महात्मा फुले योजनेची चौकशी तिथेच करा.

डॉक्टरांना विचारा : नेमका प्रकार कोणता, स्टेज कोणती, उपचार बरं करण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी. आणि 'चौथी स्टेज' ऐकून खचू नका. लिम्फोमात चौथ्या स्टेजचे पेशंटही बरे होतात. केमोच्या आधी हृदयाचा टूडी इको आणि हिपॅटायटिस बीची तपासणी का करतात, तेही विचारा. पेशंट तरुण असेल तर मूल होण्याविषयी पहिल्याच भेटीत बोला. वीर्य जपून ठेवायचं तर ते केमोच्या आधीच व्हायला हवं. आईबापांसमोर मुलगा लाजतो, तेव्हा दोन मिनिटं बाहेर जा.

बरोबर एक माणूस असा न्या जो फक्त लिहून घेईल. रडणारा वेगळा असला तरी चालेल.

ब्लॉकच्या अर्जाचे नमुने बाहेर टेबलावर ठेवलेत. पेशंटचं नाव, बायोप्सीची तारीख आणि लॅब नंबर एवढंच भरायचंय. लॅब नंबर रिपोर्टवर वरच असतो.