फेकून द्यायची लाल नळी

नमस्कार श्रोतेहो. पेशीला एखादं प्रथिन मोडीत काढायचं असलं, की आधी त्यावर खूण चिकटवावी लागते. ती खूण म्हणजे युबिक्विटिन, स्वतःच एक चिमुकलं प्रथिन, अवघ्या 76 अमिनो आम्लांचं. ती चिकटवायचं काम एन्झाइमांचं. आधी खूण, मग मोडतोड, एवढं ध्यानात ठेवा.

हे उमगलं कसं, ती गोष्ट मला फार प्रिय आहे. 1970चं दशक संपत आलेलं. इस्रायलमधल्या हैफा शहरात, टेक्निऑन संस्थेत, अव्राम हर्श्को आणि त्यांचा विद्यार्थी आरोन चेखानोव्हर सशाच्या अपक्व तांबड्या पेशींचा अर्क घेऊन बसले होते. कोडं असं, की प्रथिन मोडायला ऊर्जा का लागते? जोडायला लागावी हे पटतं, पण मोडायला? त्यांनी अर्काचे दोन भाग केले. पहिला लालभडक, हिमोग्लोबिननं भरलेला. असला भाग एरवी टाकूनच देतात. यांनी ठेवला. दुसरा भाग एकटा काही करेना. त्यात लाल भाग मिसळला आणि प्रथिनं मोडू लागली! त्या लाल पाण्यात काहीतरी होतं. पण हिमोग्लोबिनच्या एवढ्या गर्दीतून ते वेचायचं कसं? त्यांनी तो भाग चक्क तापवला. उष्णतेनं प्रथिनं गोठतात, हे आपण घरीही पाहतो. हिमोग्लोबिन गोठून चिखलासारखं झालं. गाळ बाजूला काढला, वरचं नितळ पाणी दुसऱ्या भागात घातलं, आणि काम पुन्हा सुरू! तापवूनही न बिघडलेलं ते काहीतरी म्हणजेच युबिक्विटिन. 2004 साली या दोघांना अमेरिकेच्या अर्विन रोझ यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पाठ्यपुस्तकं उत्तर छापतात, तो गाळ छापत नाहीत, याची मला खंत वाटते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत ‘काय टाकून दिलं आणि का’ यालाही गुण हवेत, असं माझं ठाम मत आहे.

तर ही खूण चिकटवणारी एन्झाइम तीन प्रकारची. ई1 युबिक्विटिनला सज्ज करतं, ई2 ते पुढे नेतं, ई3 नेमकं प्रथिन हेरतं. माणसात ई1 दोनच, ई3 मात्र सहाशेच्या घरात. कारण निवड ई3 करतं. पुन्हा सांगतो, निवड ई3 करतं.

आज प्रयोगशाळेत हे तिन्ही, युबिक्विटिन, हवं ते प्रथिन आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, एका नळीत मिसळतात. मग ते मिश्रण जेलीसारख्या थरातून विजेच्या जोरावर धावतं, प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात आणि पट्ट्यांची शिडी उमटते. पायरीगणिक एकेक युबिक्विटिन वाढलेलं. शेजारी दुसरी नळी असते, सगळं तेच, फक्त एटीपी नाही. तिच्या रांगेत शिडी नसते, कारण ऊर्जेविना खूण चिकटतच नाही.