तासाभराची धूळ मोजायची कशी?

मित्रहो, हवेच्या फलकावर पीएम २.५ चा जो आकडा आपण वाचतो, तो वजनाचा आकडा आहे. एक घनमीटर हवेत अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक असलेल्या कणांचं वजन किती मायक्रोग्रॅम भरतं, एवढंच तो सांगतो. प्रमाण मानलेली रीत सरळ आहे: कोरा फिल्टर तोलायचा, त्यातून दिवसभर हवा ओढायची आणि प्रयोगशाळेत तो पुन्हा तोलायचा. पण उत्तर हाती येईपर्यंत ती हवा आपल्या छातीत जाऊन आलेली असते. दर तासाला उत्तर हवं असेल, तर तराजूचं काम बीटा किरणांवर, म्हणजे किरणोत्सारी स्रोतातून सुटणाऱ्या वेगवान कणांवर, सोपवावं लागतं.

यंत्र मिनिटाला १६.७ लिटर, म्हणजे तासाला एक घनमीटर या वेगानं हवा ओढतं. वाटेत सायक्लोन असतो. त्यात हवा गरगर फिरते, जाड कण भिंतीला लागून मागे राहतात आणि बारीक तेवढे पुढे जातात. हा सायक्लोन ठरावीक वेगासाठीच घडवलेला असतो. पंप थकला की जाड कणही आत शिरतात, म्हणून प्रवाहाची नियमित तपासणी टाळून चालत नाही.

पुढे काचतंतूंच्या टेपचं रीळ. टेपच्या कोऱ्या जागेतून किती बीटा कण पलीकडे पोचतात, हे यंत्र आधी काही मिनिटं मोजतं. मग त्याच जागेतून पाऊण तासाच्या आसपास हवा ओढतं. तिथे करडा ठिपका उमटतो. पुन्हा मोजणी होते. पार होणारे कण जितके घटले, त्यावरून ठिपक्यावरच्या धुळीचं वस्तुमान काढायचं आणि ओढलेल्या हवेच्या घनफळानं भागायचं.

आता प्रश्न येतो की धूळ कसली आहे हे ठाऊक नसताना वजन कसं कळतं? मला या यंत्रातलं खरं सौंदर्य इथे दिसतं. बीटा कण म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. धुळीतल्या अणूंच्या इलेक्ट्रॉनांशी टकरा घेत ते ऊर्जा गमावतात. म्हणजे वाटेत इलेक्ट्रॉन किती आहेत, यावर सगळं ठरतं. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, कॅल्शियम यांच्या एका ग्रॅममध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या जवळपास सारखी असते, कारण अणुक्रमांक आणि अणुभार यांचं गुणोत्तर अर्ध्याच्या आसपास राहतं. त्यामुळे काजळी असो, रस्त्याची माती असो की समुद्राचं मीठ, सारख्या वजनाची धूळ बीटा कणांना साधारण सारखंच अडवते. स्वस्त लेझर सेन्सरला हे जमत नाही. तो कणांनी विखुरलेला प्रकाश पाहून वजनाचा अंदाज बांधतो, आणि प्रकाशाचं विखुरणं कणाच्या आकारावर, रंगावर अवलंबून असतं.

किरणांचा स्रोत बहुतेकदा कार्बन-१४ असतो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, त्यामुळे यंत्राच्या हयातीत तो मंदावत नाही. मात्रा अगदी अल्प आणि बीटा कण इतके दुबळे की त्वचेच्या मिलिमीटरभर जाडीतही ते अडतात. हवा मोजणाऱ्या केंद्राशेजारी राहणाऱ्यांनी त्याची धास्ती घेऊ नये.

धास्ती घ्यायची तर पाण्याची. मुंबईसारख्या किनाऱ्यावर आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण पाणी पिऊन फुगतात, आणि ते पाणीही धूळ म्हणून मोजलं जाईल. म्हणून आत येणारी हवा हीटरनं थोडी तापवतात. पण तापवताना अमोनियम नायट्रेटसारखे खरे प्रदूषकही काही अंशी उडून जातात. ही तडजोड आहे, आणि ती जाणूनच आकडा वाचावा.

बीटा कणांचं उत्सर्जन मुळातच अनियमित. त्यामुळे एका तासाचा आकडा काही मायक्रोग्रॅमनी इकडेतिकडे होतोच. पावसानं धुतलेल्या हवेत तो शून्याच्या खालीही जातो. असे ऋण आकडे चूक समजून पुसून टाकले, तर सरासरी खोटी वाढते. भारताचं २००९ चं वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली. जिथे उद्दिष्टच पाचाचं, तिथे एका तासावरून निवाडा करता येत नाही.

वरच्या टोकाला आणखी अवघड गोष्ट आहे. बॅम-१०२० या सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीटा यंत्राच्या नेहमीच्या मांडणीत कमाल आकडा ९८५ आहे. हवा त्याहून वाईट असली तरी ९८५, आणि यंत्रात काही बिघाड झाला तरीही ९८५. दिल्लीत दिवाळीच्या रात्री हवा खरोखर त्या टोकाला जाऊ शकते. सगळे ९८५ ठेवले तर बिघाडही प्रदूषण म्हणून मोजला जातो. सगळे काढले तर सर्वांत घातक तास नोंदीतून नाहीसे होतात. यंत्र त्याच तासाचा बिघाडाचा संकेतही नोंदवून ठेवतं. तो संकेत आकड्यासोबत लोकांपुढे ठेवला पाहिजे, आणि वगळलेला प्रत्येक तास का वगळला, तेही जाहीर झालं पाहिजे.