चिकट कोणाला म्हणायचं, अन् काटकसरी कोणाला?

राम राम मंडळी! पानठेल्यावर उभा आहे, मागून गाड्यांचा आवाज येईल, चालवून घ्या.

माणूस कसा आहे हे आमच्या गावात खर्र्यावर कळतं. (खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. खाऊ नका. मी फक्त पाहतो.) पन्नीत घोटून झाला, पुडी उघडली, की शेजारच्यापुढे हात करायचा ही इथली रीत. पण एखादा गडी असतो. दुसऱ्याची पुडी निघाली की "दे न बापा जरासा", आणि स्वतःची उघडतो ती खिशातल्या खिशात. पन्नीची चुरचुर ऐकू येते, पुडी काही दिसत नाही. तो वळला की मागून शब्द पडतो, "लय चिकट हाय रे!"

'कंजूस' आम्हीही म्हणतो, पण त्यात चित्र नाही. चिकट म्हटलं की नोट बोटाला चिकटलेली दिसते. शहरातली पोरं त्याचंच 'चिक्कू' करतात, बिचाऱ्या फळाचा काही दोष नसताना.

माझी आवडती म्हण मात्र जेवणातली आहे. उष्ट्या हातानं कावळा हाकणार नाही. नीट पाहा हं. अंगणात जेवायला बसलाय, बोटांना वरणभाताची शितं लागलीत, कावळा ताटाजवळ आला. हात झटकला तर कावळा उडेल, पण दोन शितंही उडतील, आणि ती कावळा खाईल! म्हणून हा हात हलवतच नाही. पैशाचं नावही न घेता एवढा हिशेब सांगणारी म्हण मला दुसरी सापडली नाही.

बाकीचे शब्द जुन्या चलनातले. कवडीचुंबक म्हणजे कवडीलाही न सोडणारा. कवडी खरंच चलन होती. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' यातली दमडी जुन्या पैशाहूनही लहान. तेव्हा रुपयाचे 64 पैसे होते, 100 झाले 1957 मध्ये. दमडी गेली, चमडीवाले राहिले.

आता 'कृपण'. संस्कृतात याचा मूळ अर्थ दीन, कीव यावी असा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्वतःच्या 'कार्पण्या'बद्दल बोलतो ते खिशाबद्दल नाही, मन खचल्याबद्दल. म्हणजे ज्याच्याकडे नाही आणि जो देत नाही, दोघं एकाच शब्दात.

गाव मात्र हे दोघं वेगळे ठेवते. मृगाच्या तोंडावर कोणी हात आखडला तर त्याला कोणी चिकट म्हणत नाही. बियाणं घ्यायचं असतं, सगळ्यांना ठाऊक असतं. कापूस विकून आल्यावरही पुडी खिशातच राहिली, तर मग म्हणतात.

आणि 'काटकसरी'? तो घरातल्या माणसासाठी राखीव. आमच्या शेजारच्या काकू एका दमात म्हणतात, "माहा पोरगा काटकसरी हाये, जवाई चिकट."

तोंडावर मात्र यातलं काहीच म्हणत नाहीत, भांडण होतं. तोंडावर म्हणायचं ते असं, हसत हसत, खांद्यावर हात टाकून: "काय भाऊ, आज पुडीले जराशी हवा लागू दे न!"