न हसणाऱ्या माणसांसाठी लिहिणारा

मंडळी, आज हॉलिवूडच्या ज्या पटकथालेखकाविषयी बोलायचं आहे त्याचे विनोद तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. 'पोलीस अकॅडमी' कोणी पाहिलाय? बघा, किती हात वर आले. 'नेकेड गन'? 'हॉट शॉट्स'? आणि पॅट प्रॉफ्ट? मागच्या रांगेतले एक गृहस्थ तेवढे मान हलवतायत, आणि तीही होकारार्थी आहे की नाही, मला इथून कळत नाही.

हा माणूस मिनेसोटाचा, जन्म 1947 चा. त्याची सुरुवात झाली मिनियापोलिसमध्ये, डडली रिग्ज यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्कशॉप'मध्ये. रिग्ज सर्कसवाल्या घराण्यातले, झुल्यावर कसरती करत वाढलेले. त्यांनी 1958 मध्ये ही नाट्यसंस्था काढली. प्रेक्षक विषय सुचवणार आणि नटांनी तिथल्या तिथे प्रवेश उभा करायचा. अशा ठिकाणी एक गोष्ट फार लवकर कळते. प्रेक्षक हसला नाही तर पुढच्या वाक्याची वाट बघत बसायला वेळ नसतो, ते वाक्य तयारच लागतं. प्रॉफ्टच्या पटकथांतला वेग मला थेट तिथून आलेला वाटतो.

मग लॉस एंजेलिस आणि टीव्हीच्या विविधरंगी कार्यक्रमांसाठी लेखन. त्यातलं एक काम सांगतो, कारण ते सांगताना मला वाईट आनंद होतो. नोव्हेंबर 1978 मध्ये सीबीएस वाहिनीवर 'स्टार वॉर्स'चा सुट्टीनिमित्त खास कार्यक्रम झाला. त्याच्या लेखकांच्या यादीत प्रॉफ्टही आहे. सुरुवातीला केसाळ वूकी कुटुंब घरात एकमेकांशी गुरगुरत राहतं, मिनिटांमागून मिनिटं, खाली अक्षरं नाहीत, काही नाही. सीबीएसवर तो कार्यक्रम एकदाच दाखवला गेला. पुढे ज्यानं एवढं हसवलं, त्याच्या खात्यावर न ठरवता झालेला विनोदही आहे, म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो.

आता मुख्य मुद्दा. विस्कॉन्सिनमधले तिघे मित्र, जिम एब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी हे झुकर बंधू. त्यांनी 1980 मध्ये 'एअरप्लेन!' केला. त्यात प्रॉफ्टचं लेखन नाही, पण त्याची शाळा हीच. या तिघांनी 1957 चा 'झीरो अवर!' नावाचा एक गंभीर विमानपट घेतला, रीतसर हक्क विकत घेतले आणि त्यातले प्रसंग, कित्येक संवादसुद्धा जवळपास तसेच ठेवले. आणि भूमिका दिल्या कोणाला? आयुष्यभर गंभीर कामं केलेल्या नटांना. लेस्ली नील्सन तोवर विनोदी नट नव्हताच. 1972 च्या 'पोसायडन अ‍ॅडव्हेंचर'मध्ये तो बुडत्या जहाजाचा कप्तान होता. आपल्याकडे केशवकुमारांनी 'झेंडूची फुले'मध्ये वेगळं काय केलं? वृत्त अचूक, शब्दांचा थाट तोच, फक्त आशय गटारात. वृत्त चुकलं असतं तर विडंबन झालंच नसतं, नुसती वाईट कविता झाली असती.

1982 मध्ये हीच मंडळी एबीसी वाहिनीवर 'पोलीस स्क्वॉड!' घेऊन आली. पन्नाशीच्या दशकातल्या पोलीस मालिकांचं विडंबन. भाग एकूण सहा, त्यातला एक प्रॉफ्टनं लिहिला. हसण्याचे रेकॉर्ड केलेले आवाज नाहीत. नील्सनचा फ्रँक ड्रेबिन चौकशी करताना समोरच्याला विचारतो, "सिगरेट?" आणि समोरचा शांतपणे सांगतो, "हो, सिगरेटच आहे." झालं, पुढे चौकशी सुरू. कोणी थबकत नाही, कोणी भुवई उंचावत नाही.

त्यात जॉनी नावाचा एक बूटपॉलिशवाला आहे. ड्रेबिन त्याला एखाद्या खुनाबद्दल विचारतो. "मला काय ठाऊक, साहेब?" एक नोट सरकते आणि जॉनी गुन्हेगारी जगाची कुंडली मांडतो. इथवरचं आपण शंभर पोलीसपटांत पाहिलेलं असतं. ड्रेबिन उठून जातो आणि त्याच खुर्चीत एक सर्जन येऊन बसतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल काय सांगशील? "मला काय ठाऊक?" पुन्हा नोट, आणि जॉनी टाका कुठे घालायचा तेही सांगतो. पटकथेत ही गोष्ट लिहिणं किती अवघड आहे बघा. पहिला प्रवेश अगदी साधा, कंटाळवाणा वाटावा इतका खरा लिहायला लागतो. तिथे एक जरी विनोद घुसवला तरी दुसरा पडतो.

डेव्हिड झुकर यांनी या मंडळींचे नियमच करून ठेवलेत. त्यातला माझा आवडता असा: विनोदावर विनोद नको. पुढे कोणी गंमत करत असेल तर मागचे सगळे गंभीर हवेत आणि मागे गोंधळ चालू असेल तर पुढचा माणूस गंभीर हवा. दोन्हीकडे गंमत म्हणजे दोन्ही फुकट. आपल्या बऱ्याच विनोदी चित्रपटांच्या लेखकांनी हे टेबलावर चिकटवून ठेवायला हरकत नाही. असो, त्यावर बोलायला लागलो तर आयोजक घड्याळ दाखवतील.

मालिका सहा भागांत गुंडाळली गेली. वाहिनीच्या प्रमुखांनी दिलेलं कारण गाजलं: या मालिकेची मजा घ्यायची तर ती बघावी लागते! हसू नका, माणूस खरं बोलला. टीव्ही म्हणजे भाजी निवडता निवडता कानावर पडायची वस्तू. या मालिकेत निम्मी गंमत मागच्या भिंतीवर घडायची.

दरम्यान 1984 मध्ये प्रॉफ्टनं नील इझ्रायल आणि ह्यू विल्सन यांच्यासोबत लिहिलेला 'पोलीस अकॅडमी' आला आणि तुफान चालला. पुढे त्याचे एकूण सात चित्रपट झाले. पैसा तिथला, पण मला विचाराल तर तो वेगळा प्रकार आहे. तिथे पात्रंच विक्षिप्त आहेत. तोंडानं हेलिकॉप्टरचे आवाज काढणाऱ्या माणसावर हसायला लेखकाची फार गरज लागत नाही.

गरज लागते ती 1988 च्या 'नेकेड गन'मध्ये. बंद पडलेल्या मालिकेचाच हा चित्रपट. लेखक चार, ते तिघे आणि प्रॉफ्ट. ब्रिटनची राणी शहरात येणार म्हणून महापौरबाईंची पत्रकार परिषद चालू आहे. ड्रेबिन बोलून झाल्यावर स्वच्छतागृहात जातो आणि कोटाला लावलेला माइक चालूच राहतो. सभागृहभर आवाज. कॅमेरा पुन्हा पुन्हा येतो तो महापौरबाईंच्या चेहऱ्याकडे. त्या भाषण सोडत नाहीत. राणीच्या सुरक्षेविषयीची वाक्यं एकामागून एक, शक्य तितक्या प्रतिष्ठेनं. मी हा प्रसंग सतरा-अठरा वेळा पाहिला असेन. पहिल्यांदा आपण आवाजाला हसतो, नंतर बाईंच्या निश्चयाला.

1991 मध्ये प्रॉफ्टनं एब्राहम्ससोबत 'हॉट शॉट्स!' लिहिला, त्याच वर्षी डेव्हिड झुकरसोबत दुसरा 'नेकेड गन'. 'हॉट शॉट्स'च्या दुसऱ्या भागात नायकाचे बाण संपतात, तेव्हा तो धनुष्याला कोंबडी लावून सोडतो. हे कोणत्याही गावच्या जत्रेतल्या तंबूत दाखवा, चालेल. पण त्याच चित्रपटात नदीवर दोन बोटी समोरासमोरून जातात, एकीत चार्ली शीन, दुसरीत त्याचा बाप मार्टिन शीन, आणि दोघं एकमेकांना ओरडून सांगतात, 'वॉल स्ट्रीट'मधलं तुझं काम आवडलं! इथे हसायला मार्टिन शीन बोटीतून नदीवर जातो तो 1979 चा 'अपोकॅलिप्स नाऊ' आणि बाप-लेक दोघंही असलेला 1987 चा 'वॉल स्ट्रीट' दोन्ही डोक्यात हवेत. आज विशीतल्या मुलांना हा प्रसंग दाखवला की ती सभ्यपणे माझ्याकडे बघतात.

दिग्दर्शक म्हणून त्यानं केलेला चित्रपट 1998 चा 'राँगफुली अक्यूज्ड', 'द फ्युजिटिव्ह'चं विडंबन. मूळ चित्रपट 1993 चा. म्हणजे पाच वर्षं उशीर. विडंबनाला पाच वर्षं म्हणजे शिळा भात. तरी मूळ कथेतल्या एका हाताच्या खुन्याचा इथे एक हात, एक पाय आणि एक डोळा असलेला खुनी होतो आणि रुळावरून घसरलेली आगगाडी नायकाचा जंगलात पाठलाग करते, तेव्हा जुना प्रॉफ्ट दिसतो. पुढे 'स्केअरी मूव्ही' मालिकेतले तिसरा, चौथा आणि पाचवा चित्रपट लिहिण्यात त्याचा हात होता. तिथवर स्पूफची, म्हणजे विडंबनपटाची, तऱ्हाच बदलली होती. गेल्या वर्षी गाजलेला प्रसंग ओळखीचा म्हणून आणायचा, आणि प्रेक्षकानं ओळखला की काम झालं. ओळखणं म्हणजे हसणं नव्हे. 'पोलीस स्क्वॉड!' कोणत्या जुन्या मालिकेवरून उचलली हे माहीत नसलेला माणूसही जॉनीला हसतो, कारण नोट सरकवून माहिती काढणारा पोलीस त्यानं दुसरीकडे कुठेतरी पाहिलेलाच असतो.

बरं, आता दिवे घालवा. 'पोलीस स्क्वॉड!'मधला एक तुकडा लावतोय. ड्रेबिन बोलत राहील, त्याच्याकडे फार बघू नका. लिफ्टचं दार कुठल्या मजल्यावर उघडतं आणि बाहेर काय आहे, तेवढ्यावर नजर ठेवा. आणि मागच्या रांगेतले गृहस्थ, तुम्ही पुढे येऊन बसा.