तुमची भाषा कोणती? एकच सांगा

नमस्कार मंडळी. 26 फेब्रुवारी 2022 ची संध्याकाळ आठवतेय का बघा. मुंबई एअरपोर्टवर बुखारेस्टहून एअर इंडियाचं विमान उतरलं, आत युक्रेनमधून सुटून आलेली आपली 219 पोरं, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. त्यातली बरीच चेर्निव्त्सी नावाच्या शहरात मेडिकल शिकत होती. तिथून दक्षिणेला जायचं, सिरेतचं ठाणं ओलांडायचं की आलं रोमानिया. त्या दिवसांत लोक बॅगा ओढत, थंडीत कुडकुडत तिथे रांगेत उभे होते.

आपण तेव्हा युद्ध बघत होतो, बॉर्डरकडे कोण बघतंय. पण ती बॉर्डर जरा विचित्र आहे बरं का. ती एका सलग प्रदेशाच्या मधोमध जाते. त्या प्रदेशाचं नाव बुकोविना, उत्तरेचा अर्धा युक्रेनमध्ये, दक्षिणेचा अर्धा रोमानियात, आणि ही चिरफाड झाली जून 1940 मध्ये, दोन-चार दिवसांत. तिथपर्यंत येऊच, आधी थोडं मागे जावं लागेल.

अठराव्या शतकात हा भाग मोल्दाव्हिया नावाच्या संस्थानात होता, आणि मोल्दाव्हिया तुर्कांचं, म्हणजे ऑटोमन साम्राज्याचं मांडलिक. रशिया आणि तुर्क यांचं युद्ध 1774 मध्ये संपलं, दोघंही दमलेले, आणि ऑस्ट्रियाने गोळी न झाडता हा तुकडा खिशात घातला, 1775 च्या तहात तुर्कांनी तो रीतसर देऊनही टाकला. मोल्दाव्हियाला विचारलं कोणी? छे. तेव्हा इथे जेमतेम 70-75 हजार माणसं होती. मग व्हिएन्नाने बाहेरून लोक आणून वसवले, जर्मन शेतकरी, हंगेरियन, स्लोव्हाक, काही आपणहून आले, ज्यू आले, पोलिश आले, शेजारच्या गॅलिसियातून रुथेनियन म्हणजे आजच्या भाषेत युक्रेनियन आले, रोमानियन तर आधीपासून होतेच. 1910 पर्यंत लोकसंख्या सुमारे 8 लाख झाली होती आणि त्यात कोणाचीच निम्म्याहून जास्त संख्या नव्हती.

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. चेर्निव्त्सी, तेव्हाचं जर्मन नाव चेर्नोवित्स, त्याच्याबद्दल वाचायला घेतलं की लोक भरून येऊन लिहितात, किती गुण्यागोविंदाने राहत होते म्हणून. खोटं नाही ते, 1875 मध्ये युनिव्हर्सिटी निघाली, 1905 मध्ये एडुआर्ड राइस नावाचा ज्यू माणूस शहराचा मेयर झाला, आणि प्रत्येक समाजाचं आपापलं भवन होतं, जर्मन भवन, पोलिश भवन, रोमानियन, युक्रेनियन, ज्यू भवन, सगळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण मला विचाराल तर हा काही चमत्कार नव्हता, बहुमत कोणाकडेच नाही म्हटल्यावर सगळ्यांना सगळ्यांशी जुळवून घ्यावंच लागतं, आणि वर एक सरकार बसलेलं ज्याला हे भांडण आटोक्यात ठेवण्यातच फायदा. खेड्यातला शेतकरी तर गरीबच राहिला, कंटाळून बोटीत बसून कॅनडाला गेलेले हजारो आहेत.

आणि त्याच सरकारने एक उद्योग करून ठेवला, जनगणनेत भाषेचा रकाना. रोजच्या व्यवहाराची भाषा कोणती, एकच सांगा. आता जो माणूस घरात एक बोलतो, बाजारात दुसरी आणि कोर्टात तिसरी, त्याने काय सांगायचं? यिडिश, म्हणजे तिथल्या ज्यूंची बोली, ती तर यादीतच नाही! मग यिडिश बोलणारे बहुतेक ज्यू धरले गेले जर्मनमध्ये, त्यामुळे कागदावर जर्मन फुगले. गंमत म्हणजे 1908 मध्ये याच शहरात यिडिशची मोठी परिषद भरली, लेखक-विचारवंत लांबून आले आणि यिडिश ही ज्यूंची एक राष्ट्रीय भाषा आहे असा ठराव झाला, पण 1910 च्या जनगणनेत परत यिडिशला जागा नाहीच. भाषेच्या टक्केवारीवरून काय काय होऊ शकतं हे बेळगाव-निपाणीकडच्या श्रोत्यांना मी वेगळं सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात रशियन सैन्याने शहर तीनदा घेतलं, दोनदा सोडलं, मग 1917 मध्ये तिसऱ्यांदाही सोडलं. 1918 च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रियाच मोडला, काही दिवस युक्रेनियनांनी सत्ता हातात घेतली, मग रोमानियन सैन्य आलं आणि 28 नोव्हेंबरला रोमानियात विलीनीकरणाचा ठराव झाला. शहर झालं चर्नाउत्सी. हेरेनगासे हा तिथला फिरायला जायचा रस्ता, तो झाला यांकू फ्लोंडोर रस्ता, फ्लोंडोर म्हणजे विलीनीकरणाचे पुढारी. आज तोच रस्ता ओल्हा कोबिल्यान्स्का या युक्रेनियन लेखिकेच्या नावाने आहे. इमारती बहुतेक त्याच, पाट्या तेवढ्या बदलल्या.

रेडिओवर बोलतोय म्हणून एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही, योझेफ श्मिट. जन्म 1904, बुकोविनातल्याच एका गावातला ज्यू मुलगा, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गाऊन आवाज तयार झालेला, आवाज एकदम स्वर्गीय पण उंची जेमतेम पाच फूट, त्यामुळे ऑपेराच्या स्टेजवर हिरो म्हणून उभं करायला कोणी तयार नाही. बर्लिन रेडिओने त्याला डोक्यावर घेतलं, रेडिओला उंचीशी काय देणंघेणं. मग नाझी आले, त्याचं बर्लिन सुटलं, आणि पळता पळता 1942 मध्ये स्वित्झर्लंडच्या एका छावणीत असताना तो वारला, वय 38.

आता 1940. जूनच्या 26 तारखेच्या रात्री सोव्हिएत सरकारने रोमानियाला अल्टिमेटम दिलं, बेसारेबिया, म्हणजे साधारण आजचा मोल्दोवा, तो द्या आणि बुकोविनाचा उत्तर भागही द्या. बुकोविना कशाबद्दल? तर बेसारेबियावर तुम्ही 22 वर्षं राज्य केलंत, त्याची थोडीफार भरपाई! असं खरंच लिहिलंय त्या नोटमध्ये. खरं तर मॉस्कोला अख्खा बुकोविना हवा होता, हिटलरच्या लोकांनी कुरकुर केली म्हणून अर्ध्यावर आले. 28 तारखेला रेड आर्मी शहरात. नकाशावर रेघ पडली ती ही.

आणि मग तो रकाना परत आला, या वेळी जिवावर उठून. 1940 च्या शरद ऋतूत जर्मनीने आपले लोक न्यायला कमिशन पाठवलं, चाळीस हजारांहून जास्त माणसं निघून गेली, त्यात कुठूनतरी एखादी जर्मन आजी शोधून काढलेले युक्रेनियन आणि रोमानियनही होते. पण जनगणनेत ज्यांच्यामुळे जर्मन फुगले होते ते ज्यू? त्यांना कोण नेणार. 1 एप्रिल 1941 ला बॉर्डर ओलांडून रोमानियात जाऊ बघणाऱ्या रोमानियन शेतकऱ्यांच्या जमावावर फान्ताना आल्बा या गावाजवळ सोव्हिएत सैनिकांनी गोळीबार केला. 13 जूनला सोव्हिएतांनी हजारो लोक सायबेरियाकडे हाकलले, त्यात ज्यू व्यापारीही. आणि जर्मनीने सोव्हिएतवर हल्ला केला, तीन आठवड्यांत सोव्हिएत गेले, रोमानियन परत आले, सोबत जर्मन. मोठं सिनेगॉग जाळलं, मुख्य रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, अब्राहम मार्क यांना गोळ्या घातल्या.

11 ऑक्टोबर 1941 ला सुमारे 50 हजार ज्यूंना काही गल्ल्यांत कोंडलं, तिथून मालगाडीच्या डब्यांतून ट्रान्सनिस्ट्रियाला, म्हणजे नीस्टर नदीपलीकडच्या रोमानियाच्या ताब्यातल्या भागात, रवानगी सुरू. तेव्हा मेयर होते त्रायान पोपोविच, पेशाने वकील, स्वतः रोमानियन. त्यांनी गव्हर्नरसमोर विरोध केला आणि वर मुद्दा मांडला की ही माणसं गेली तर शहर चालणार नाही. रोमानियाचा हुकूमशहा अन्तोनेस्कू, त्याने मान्य केलं, शहराला लागणाऱ्या 20 हजारांपर्यंत ठेवा. मग परमिट निघायला लागली, इंजिनियर, डॉक्टर, कारागीर, आणि ज्यांचा कशाशी काही संबंध नाही अशांनाही. म्हणून 1942 मध्ये पोपोविचना मेयरपदावरून काढलं, आणि जूनमध्ये परत हजारो ज्यूंना नेलं, त्यात कवी पॉल सेलानचे आईवडील होते, दोघंही परत आले नाहीत. पोपोविच 1946 मध्ये वारले, त्यांचा सन्मान इस्रायलने केला तो थेट 1969 मध्ये.

मार्च 1944 मध्ये सोव्हिएत परत. उरलेले बरेचसे ज्यू रोमानियाकडे गेले, पोलिश पोलंडकडे गेले, पाच-सहा वर्षांत शहर जवळजवळ बदलून झालं. जळलेल्या सिनेगॉगच्या जाडजूड भिंती सुरुंगानेही पूर्ण पडेनात, शेवटी 1959 मध्ये तिथे सिनेमा थिएटर काढलं. गावातले लोक त्याला किनागोगा म्हणतात, सिनेमा आणि सिनेगॉग एकत्र करून, ते ऐकून हसावं की काय करावं मला अजून कळलेलं नाही.

1991 पासून उत्तरेचा भाग स्वतंत्र युक्रेनमध्ये. तिथली शेवटची जनगणना 2001 ची, चेर्निव्त्सी प्रांतात तीन चतुर्थांश युक्रेनियन, साडेबारा टक्के रोमानियन, आणि सात टक्क्यांच्या वर मोल्दोवन. रोमानियाचं म्हणणं, अहो हे दोन्ही एकच, वेगळे कशाला मोजता. युक्रेन म्हणतं, लोकांनी स्वतःच तसं सांगितलंय. त्यानंतर तिथे जनगणना झालेलीच नाही, ठरायची आणि पुढे जायची, आणि आता तर युद्धच चालू आहे.