औंधचे लाख रुपये

श्रोतेहो, नमस्कार. हिंदू धर्मग्रंथांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या संस्था चालतात कशा, त्यांच्या पैशाचं काय, याबद्दल आज बोलायचं आहे. पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर तुम्हाला ठाऊक आहेच. ६ जुलै १९१७ ला, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या वाढदिवशी ते सुरू झालं. त्याचीच गोष्ट सांगतो.

साल १९१८. औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थान लहान, पण राजा स्वतः चित्रकार. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मूळ मजकूर ठरवणारी आवृत्ती, निघावी आणि ती सचित्र निघावी, यासाठी त्यांनी भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ केले. १९१८ सालचे लाख रुपये! आणि हे नीट ऐका, ते एकरकमी नव्हते, वर्षावर्षाला हप्त्याने द्यायचे होते. १ एप्रिल १९१९ ला वृद्ध भांडारकरांनी ‘नारायणं नमस्कृत्य’ हा श्लोक स्वहस्ते लिहून कामाला आरंभ केला.

मग पोथ्या जमू लागल्या. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांतल्या. पुण्याबरोबर शांतिनिकेतनात आणि तंजावरलाही पाठ ताडून पाहणारी माणसं बसली. मोठ्या कागदावर वर श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर, आणि खाली प्रत्येक पोथीतला फरक. असं हजारो श्लोकांचं! डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले, आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं, आणि १९४३ मध्ये सुकथनकर गेले. काम चालूच. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झालं. १९५१ मध्ये बाळासाहेब गेले. काम चालूच! २२ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते ते पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. बाराशेहून अधिक पोथ्या, १९ खंड. ज्या संस्थानाने पहिला शब्द दिला, ते संस्थानच तोवर उरलं नव्हतं. हे सांगताना दर वेळी माझा गळा दाटून येतो.

आता हिशेब बघा. लाख रुपयांत सत्तेचाळीस वर्षं निघतात का? नाही निघत. मुंबई सरकारने १९१८ मध्ये हस्तलिखितांचा संग्रह संस्थेकडे सोपवला आणि ग्रंथमालेसाठी वर्षाला १२,००० रुपये अनुदान दिलं. टाटांच्या देणगीतून इमारत झाली. हैदराबादच्या निजामांनी अकरा वर्षं दरसाल १,००० रुपये दिले, त्यांच्या नावाचं अतिथिगृह आजही तिथे आहे. देणगी एकदा येते, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. पुन्हा सांगतो, देणगी एकदा येते, पगार दर महिन्याला.

आणि देणगीदाराला आवडते ती इमारत. कोनशिलेवर नाव येतं ना! पोथीवर ब्रश फिरवणाऱ्या, सूची करणाऱ्या माणसाच्या पगाराला कोणी नाव देत नाही.

तर कायम निधी महत्त्वाचा. मूळ रक्कम ठेवीत राहते आणि व्याजावर काम चालतं. पण ठेवींचे व्याजदर उतरले की त्याच निधीतून माणूस कमी ठेवावा लागतो. म्हणून कायम निधीत भर पडत राहिली पाहिजे. अशा कुठल्याही संस्थेला पैसे देताना सोबतच्या पत्रात ‘कायम निधीसाठी’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती रक्कम चालू खर्चात जमा होऊ शकते. दोन हजारांहून जास्त रोख देऊ नका, करसवलत मिळत नाही. धनादेश द्या, पावती घ्या. आणि जमलं तर बाळासाहेबांसारखं करा, दर वर्षी थोडं थोडं द्या. नमस्कार.